आधी गेटपास दाखव!

गोदीत काम करणाऱ्या माणसाला परवाना म्हणजे काय हे कुणी शिकवावं लागत नाही. आत जहाज लागलेलं असतं. माल उतरायचा असतो. टोळीत एक माणूस कमी असतो अन् मुकादम शिव्या घालत असतो. इकडं माझ्या पाठीत जोर असतो, पोटात भूक असते. सगळं जुळलेलं. तरी गेटवरचा बंदूकवाला हात आडवा करतो. पास? पास नसला की तुम्ही कामगार नाही. तुम्ही गेटबाहेर उभा असलेला एक संशयित इसम. मागं एकदा कंत्राटदारानं आमच्या टोळीचे पास वेळेवर नवे करून आणले नाहीत. चूक त्याची, रोजी बुडाली आमची. अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत जे शहाणपण आलं ते दहावीच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. काम येणं वेगळं, काम मिळणं वेगळं अन् काम करू दिलं जाणं आणखी वेगळं.

हे तिसरं परदेशात शिकायला गेलेल्या आपल्या पोरापोरींच्या वाट्याला कसं येतं, तेवढंच मला आज बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, गोण्या वाहणाऱ्यानं विलायतेच्या गोष्टी कशाला कराव्यात? अरे, गेट जिथं आहे तिथं गोदीवाल्यानं बोलायचं नाही तर कुणी बोलायचं?

यंदा धानाच्या कापणीला गावी आलो. प्रतापगड. तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया. अफझलखानाचा प्रतापगड तो साताऱ्याकडं, हा नव्हे. आमच्या प्रतापगडाच्या डोंगरावर महादेव आहे अन् ख्वाजा उस्मान गनी हारुनींचा दर्गा आहे, अन् महाशिवरात्रीला दोन्हीकडं सारखाच माणूस लोटतो. तर आमच्याच भागातली एक पोरगी, नाव सांगत नाही, तिच्यामागं झेंगट नको, सरकारी शिष्यवृत्तीवर ब्रिटनला एम.एस्सी. करायला गेली होती. गेली तेव्हा चौकात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर तिचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा अन् पुढाऱ्यांचे फोटो धानाच्या पोत्याएवढे. विहारात सत्कार झाला, भाषणं झाली, नारळ दिले.

बांधावर तिची माय भेटली. विळा खाली ठेवून म्हणाली, "बाबू, तू मुंबईले रायतेस, तुले समजते. पोरीले तिथं कंपनीवाले पगार देऊन बोलावत होते म्हणे, अन् कॉलेजवाले नाही जायचं म्हणे. काम करू नको म्हणणारं कॉलेज रायते का कुठं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. रात्री पोरीशी मोबाईलवर बोललो तेव्हा कळलं ते असं. कोर्स एका वर्षाचा. उन्हाळ्यात वर्ग बंद, फक्त प्रबंध लिहायचा. एका कंपनीनं आठ आठवड्यांची इंटर्नशिप देऊ केली, आठवड्याला ३५ तास, पगारी. जे शिकली तेच काम. कॉलेजनं सांगितलं, पदवीच्या पोरांना उन्हाळ्याची सुट्टी असते, एम.एस्सी.वाल्यांना नसते. प्रबंध चालू आहे म्हणजे तुमचं सत्र चालू आहे, अन् सत्रात आठवड्याला २० तासांच्या वर काम करायचं नाही. कंपनीला २० तासांचा माणूस नको होता. संपलं. अन् तिच्याच वर्गातल्या काहींनी तसलीच इंटर्नशिप बिनधास्त केली. कशी? त्यांनी आधीच "प्लेसमेंटसह" असा कोर्स निवडला होता. मुदत जास्त, खर्चही जास्त. तिथं काम हा कोर्सचाच भाग, त्याला मार्क आहेत, म्हणून २० तासांचा हिशोब त्याला लागत नाही. "दादा," ती म्हणाली, "असे दोन कोर्स असतात हेच मला तिथं गेल्यावर समजलं. फॉर्म भरताना कुणीच सांगितलं नाही."

त्यांच्या घरी सांगणारं कुणीतरी होतं. मामा, काका, आधी जाऊन आलेली ताई, पैसे घेऊन कागद रंगवणारा एजंट. आमच्या पोरीच्या घरी जातीचा दाखला होता, उत्पन्नाचा दाखला होता अन् माय होती.

आता हे नियम जरा उकलून पाहू. कारण नियम नीट वाचले तरच त्यांच्यावर बोलता येतं. नुसत्या बोंबा मारून गेट उघडत नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे.

ब्रिटनमध्ये पदवी किंवा त्यावरचं शिकणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास. आठवडा सोमवारपासून रविवारपर्यंत मोजायचा. या आठवड्यात १० तास केले म्हणून पुढच्या आठवड्यात ३० करता येत नाहीत. पगार न घेता कुणाकडं नोकरासारखं राबलात तरी ते तास मोजले जातात. स्वतःचा धंदा करायचा नाही. पैसे घेऊन लोकांची करमणूक करायची नाही. म्हणजे आमचा एखादा शाहीर तिथं शिकायला गेला अन् बिदागी घेऊन जलसा केला, तर व्हिसा धोक्यात. कोर्सचा भाग असलेली, मार्क असलेली प्लेसमेंट तेवढी वेगळी, पण तीही साधारण कोर्सच्या निम्म्या मुदतीपर्यंतच.

अमेरिकेत गोष्ट आणखी नाजूक. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यानं कॉलेजच्या आवारात सत्रात आठवड्याला २० तास काम करावं. आवाराबाहेर पाय टाकायचा तर वेगळा परवाना. शिकता शिकता इंटर्नशिप करायची त्याला सीपीटी म्हणतात. ती अभ्यासक्रमाचा भाग असली पाहिजे, अन् साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्याशिवाय मिळत नाही. तो परवाना कॉलेजचा नेमलेला अधिकारी देतो, कागदावर कंपनीचं नाव अन् तारखा टाकून. तारखेच्या एक दिवस आधी कामाला लागलात तर बेकायदा. पूर्ण वेळाची सीपीटी १२ महिने भरली की त्या पदवीवर शिक्षणानंतरचा कामाचा हक्क गेला. हा नंतरचा हक्क म्हणजे ओपीटी, १२ महिन्यांची. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी २४ महिने. समाजशास्त्र, इतिहास, साहित्य शिकलेल्याला ते २४ नाहीत. अन् पहिल्या १२ महिन्यांत मिळून ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहायचं नाही. बेकारीलाही त्यांनी कोटा लावला आहे! आपल्याकडं बेकारीला असा कोटा लावला तर अर्धा तालुका देशाबाहेर काढावा लागेल.

जर्मनीत २०२४ च्या मार्चपासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आधी १२० होते. तिथंही तोच भेद. अभ्यासक्रमानं सक्तीची केलेली इंटर्नशिप या दिवसांत धरत नाहीत, स्वतःच्या मर्जीनं केलेली धरतात.

तीन देश, दोन भाषा, पण नियमाचा गाभा एकच. कोर्सच्या कागदावर इंटर्नशिप लिहिलेली असेल तर रस्ता मोकळा, नसेल तर तास मोजा, दिवस मोजा, परवान्याची वाट पाहा. म्हणजे सगळा खेळ देश सोडण्याच्या आधीच, फॉर्म भरतानाच लागलेला असतो. विमानात बसेपर्यंत पोरगं हरलेलं असतं अन् त्याला पत्ताही नसतो.

कुणी म्हणेल, नियम सगळ्यांना सारखा आहे की. तुमच्यासाठी काय वेगळा आहे? कागदावर नाहीच वेगळा. उद्योगपतीच्या पोरालाही २० तास अन् शेतमजुराच्या पोरीलाही २० तास. पण उद्योगपतीच्या पोराला ते २० तास माहीतच नसतात. त्याला काम करायची गरजच नाही. तो बिनपगारी इंटर्नशिप करतो, सहा महिने करतो, बापाच्या पैशावर भाड्यानं राहतो अन् कंपनीचं नाव कागदावर चढवून घेतो. बिनपगारी कामाला आमच्याकडं जुना शब्द आहे, वेठ. आमच्या आज्या-पणज्यानं वेठ केली तर ती पिढ्यान्‌पिढ्या फिटली नाही. यांची पोरं वेठ करतात तर ती शिडी होते. कारण त्यांच्या वेठीखाली घर आहे, जमीन आहे, बँक आहे. आमच्या पोरीला तिथं भाडं भरायचं असतं, जेवायचं असतं अन् महिन्याला चार पैसे मायकडं धाडायचे असतात, ते ती कुणाला सांगत नाही.

आता दुसरी दोरी पाहा. पहिली दोरी परक्या सरकारची, दुसरी आपल्या सरकारची.

केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. अख्ख्या देशातून वर्षाला १२५ जागा. त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना, उरलेल्या भटक्या-विमुक्तांना, भूमिहीन शेतमजुरांना अन् पारंपरिक कारागिरांना. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, तिच्या ७५ जागा. एवढ्याशा जागांवर कोट्यवधी लोकांची लेकरं. अन् त्यातही २०२२ साली केंद्रानं कलम घातलं की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास अन् समाज यांवर संशोधन करायला या पैशातून परदेशी जाता येणार नाही. म्हणजे जातीनं आमचं काय केलं, हे आम्ही परक्या विद्यापीठात जाऊन तपासायचं नाही. २०२५ च्या जुलैत १०६ जण निवडले अन् आधी ४० जणांनाच पत्रं दिली. बाकीच्या ६६ जणांना सांगितलं, पैसा असेल तर बघू.

या केंद्राच्या योजनेच्या २०२३-२४ च्या नियमावलीत ब्रिटनमध्ये राहण्या-खाण्यासाठी वर्षाला ९,९०० पौंड धरले होते. त्याच काळात ब्रिटिश सरकार काय म्हणत होतं? लंडनमध्ये शिकायचं तर महिन्याला १,३३४ पौंड जवळ आहेत हे नऊ महिन्यांसाठी दाखवा. नऊ महिन्यांचे होतात १२,००६. म्हणजे लंडनमध्ये जगायला किमान किती लागतं हे लंडनच्याच सरकारनं ठरवलं, अन् आपल्या सरकारनं त्याहून दोन हजार पौंड कमी दिले. तेही नऊ महिन्यांना नाही, बारा महिन्यांना.

बरं, कमी पडतं तर पोरानं कमवावं. तर त्याच नियमावलीत पुढं लिहिलेलं: संशोधन-साहाय्यक किंवा शिकवण्याचं काम करून वर्षाला १,५६० पौंडांपर्यंत, अमेरिकेत २,४०० डॉलरांपर्यंत भर घालता येईल. त्यावर कमावलं तर तेवढे पैसे भत्त्यातून कापायचे. मी गणितात कच्चा, तरी हिशोब केला. १,५६० भागिले ५२ आठवडे. आठवड्याला ३० पौंड. २०२३ साली ब्रिटनमध्ये प्रौढ माणसाची किमान मजुरी तासाला १० पौंड ४२ पेन्स होती. म्हणजे आठवड्याचे तीन तासही भरत नाहीत. परका देश म्हणतो २० तास काम कर. माझा देश म्हणतो, तीन तासांची मजुरी पुरे झाली, जास्त झालं तर मी कापून घेतो. सांगा दोस्तहो, यातला साहेब कोण अन् आपला कोण?

इथं कुणीतरी हमखास उठतो अन् म्हणतो, बाबासाहेब अर्धपोटी राहून शिकले, आजच्या पोरांना सगळं ताटात पाहिजे. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. बाबासाहेबांच्या उपाशीपणाचा दाखला देऊन त्यांच्याच लेकरांना उपाशी ठेवायचं, हा कुठला आंबेडकरवाद?

बाबासाहेबांची गोष्टच काढली तर पुरी सांगा. १९१३ साली ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. महिन्याला साडेअकरा पौंड. बदल्यात करार, परत येऊन दहा वर्षं बडोदे संस्थानची नोकरी करायची. अमेरिकेचा आजचा एफ-१ व्हिसा तेव्हा नव्हता, तो वर्ग १९५२ च्या कायद्यानं आला. १९१७ साली अमेरिकेनं आशियाच्या मोठ्या पट्ट्यातल्या माणसांना दार बंद केलं अन् विद्यार्थ्यांना तेवढी सूट ठेवली. तेव्हापासून विद्यार्थी म्हणजे शिकून परत जाणारा, अन् कामगार म्हणजे येऊ नये असा माणूस, अशी दोन खाती त्यांनी पक्की केली. इंटर्नशिप करणारं पोरगं या दोन खात्यांच्या मधल्या भिंतीवर बसलेलं असतं. म्हणून त्याच्या परवान्याला एवढी किचकट कलमं.

अन् बाबासाहेबांचं काय झालं? १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून यावं लागलं. करार पाळायला बडोद्याला गेले तर राहायला खोली मिळाली नाही. पारशी सराईत राहिले तर काठ्या घेऊन लोक अंगावर आले. कोलंबियाचा शिकलेला माणूस, पण काम करायला बसू दिलं नाही. परवाना होता, दहा वर्षांचा होता, लेखी होता. जातीनं तो फाडला. १९२० साली पुन्हा लंडन गाठलं ते सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून साठवलेल्या पैशावर, शाहू महाराजांच्या मदतीवर अन् नवल भथेना या मित्राच्या कर्जावर. अन् पुढं व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं हातात आल्यावर त्यांनी पोरांना उपाशी राहून शिका असं सांगितलं नाही. १९४२ च्या आपल्या निवेदनात सरकारकडं पैसा मागितला, अस्पृश्यांच्या मुलांना परदेशात पाठवायला. जे स्वतः भोगलं ते दुसऱ्यानं भोगू नये म्हणून. १९५४ च्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत याच जिल्ह्यानं, तेव्हा गोंदिया भंडाऱ्यातच होतं, त्या माणसाला पाडलं. अन् आज त्याच मातीतले पुढारी फ्लेक्सवर त्यांच्या शेजारी हात जोडून उभे राहतात. फ्लेक्सचे पैसे पोरीच्या भत्त्यात घातले असते तर दोन महिन्यांचं भाडं निघालं असतं.

गोष्ट फक्त आमच्या पोरीपुरती नाही, हे मला प्रतापगडातच कळलं. गावाला लागून तिबेटी लोकांची वसाहत आहे, १९७२ पासूनची. नाव नॉर्ग्येलिंग, आम्ही तिबेट कॅम्प म्हणतो. ते शेती करतात अन् हिवाळा लागला की स्वेटर विकायला शहराकडं निघतात. त्यांची पोरं आमच्यासारखीच इथल्या उन्हात वाढली, मराठी फाडफाड बोलतात. पण त्यातल्या पुष्कळांकडं पासपोर्ट नाही. परदेशी माणसासारखा नोंदणीचा दाखला असतो, आरसी, तो पुन्हा पुन्हा नवा करायचा. शिकायला बाहेर जायचं तर पासपोर्टाऐवजी ओळखीचं पिवळं पुस्तक. देश सोडायला परवानगी लागते अन् परत यायला हरकत नाही असा शेरा लागतो. कायदा म्हणतो, २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानं भारतीय. तेवढं मान्य करून घ्यायलाही तिबेटी पोरांना दिल्लीच्या हायकोर्टात जावं लागलं. आमच्या पोरीला एक गेट ओलांडायचं होतं. त्यांना आधी घरातून बाहेर पडायचं गेट, मग परक्या देशाचं, मग तिथल्या कामाचं, अन् शेवटी घरी परत यायचंही गेट.

अन् तिसरे माझे भाऊबंद. आखातात मजुरीला जाणारे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर वेगळा शिक्का बसू लागला. १८ देशांत कामाला जायचं तर आधी सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी. मी दहावी झालो म्हणून त्या शिक्क्यातून सुटलो, माझा भाऊ नववीत शाळा सोडली म्हणून अडकला. एकाच आईच्या पोटचे दोन. तिथं आखातात गेल्यावर पुष्कळांचा राहण्याचा परवाना मालकाच्या हाती. मालक सोडला की परवाना गेला.

आता हे तिघं एका रांगेत उभे करा. मालकाच्या हातातला मजूर, अधिकाऱ्याच्या हातातला तिबेटी, कॉलेजच्या हातातली आमची पोरगी. तिघांच्याही अंगात काम करायची ताकद आहे अन् तिघांचीही ताकद दुसऱ्याच्या सहीत बंद आहे. २०२५ च्या एप्रिलात अमेरिकेत हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी अचानक रद्द केल्या. पोरं कोर्टात गेली तेव्हा कुठं त्या परत चालू झाल्या. एका रात्रीत माणूस बेकायदा होतो, हे आम्हाला गोदीच्या गेटवर ठाऊक होतं. आता मोठ्या विद्यापीठातल्या पोरांनाही ठाऊक झालं.

एक सवाल मात्र मी टाळणार नाही. तिथला कामगार काय म्हणेल? बाहेरची पोरं आली, कमी पैशात राबली, आमची मजुरी पडली. हा सवाल खोटा नाही. गोदीत कंत्राटदार बाहेरून टोळी आणतो तेव्हा आम्हीही हेच म्हणतो. पण आम्ही हेही पाहिलं आहे की मजुरी पाडतो तो पास नसलेला माणूस नव्हे, त्याच्या भीतीचा भाव करणारा कंत्राटदार. २० तास संपले, भाडं थकलं, की पोरगं हॉटेलच्या मागच्या दारानं शिरतं अन् रोखीनं काम करतं. मालकाला ठाऊक असतं की हे तक्रार करणार नाही. मग तो किमान मजुरीच्या खाली देतो, जादा तास करवून घेतो, कधी बुडवतोही. तासांची मर्यादा पोराच्या अभ्यासासाठी आहे असं म्हणतात. असेल. पण जिथं पोट भरत नाही तिथं मर्यादा अभ्यास वाचवत नाही, ती फक्त काम अंधारात ढकलते. तिथल्या कामगाराला वाचवायचं असेल तर उपाय जुनाच आहे: सारख्या कामाला सारखी मजुरी, अन् तक्रार केल्यावर देशाबाहेर काढलं जाणार नाही याची हमी. ही मागणी तिथल्या युनियननं अन् आपण मिळून करायची आहे. परका कामगार आपला वैरी नाही.

मग आपण इथं काय मागायचं? परक्या देशाचे कायदे प्रतापगडच्या चावडीवर बदलत नाहीत, एवढं मला कळतं. पण दुसरी दोरी आपली आहे, अन् ती कापता येते.

एक. शिष्यवृत्तीच्या यादीत प्लेसमेंट असलेला कोर्स अन् नसलेला कोर्स वेगळा दाखवा, अन् प्लेसमेंटवाल्या कोर्सची पुरी मुदत, पुरा खर्च शिष्यवृत्तीत धरा. जे श्रीमंताला विकत मिळतं ते गरिबाला हक्कानं मिळालं पाहिजे.

दोन. त्या देशाच्या कायद्यात बसणारी कमाई भत्त्यातून कापायचं कलम रद्द करा. कायदा मोडला तर बोला, कष्ट केले म्हणून दंड कसला?

तीन. शिकून झाल्यावर काम शोधायला थांबायचं तर त्याचाही खर्च धरा. ब्रिटनमध्ये २०२५ साली हा ग्रॅज्युएट व्हिसा ८८० पौंडांचा, वर आरोग्याचे वर्षाला १,०३५. दोन वर्षांचे मिळून २,९५० पौंड, एकदम अन् आगाऊ. धान विकून हे जमत नाही. अन् १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्याला पीएच.डी. नसेल तर ही दोन वर्षंही दीड होणार आहेत.

चार. समाजकल्याण खात्यानं अन् बार्टीनं या सगळ्या नियमांचं मराठीत पुस्तक काढावं, दरसाल नवं करावं अन् प्रत्येक वसतिगृहात ठेवावं. निवडपत्र हातात देण्याआधी पोराला समोर बसवून समजावून सांगावं. हे काम फुकटातलं आहे. फक्त इच्छा लागते.

अन् पाच, हे सरकारसाठी नाही, आपल्यासाठी. आपल्यातले जे जाऊन आले ते परत येऊन गप्प बसतात. काही जण पुण्या-मुंबईत फ्लॅट घेतात अन् वस्तीकडं पाहत नाहीत. त्यांना माझं सांगणं आहे, वर्गणी नको, भाषण नको, जे कळलं ते लिहून द्या. कुठल्या कोर्सला प्लेसमेंट आहे, कुणाला भेटायचं, कोणता कागद आधी मागायचा. सवर्णाच्या घरात ही माहिती जेवता जेवता मिळते. आपल्या घरात ती छापूनच यावी लागेल. हे अंक त्यासाठीच आहेत. नुसत्या कविता छापायला नाहीत, अन् हे मी कवी असून म्हणतो.

जाणाऱ्या पोरापोरींनो, तोवर एवढं गाठीला बांधा. फॉर्म भरण्याआधी विचारा, इंटर्नशिप कोर्सचा भाग आहे का, अन् उत्तर लेखी घ्या. एम.ए., एम.एस्सी. असेल तर उन्हाळा सत्रात धरतात का ते विचारा. काम सुरू करण्याआधी परवान्यावरची तारीख पाहा. तासांची वही ठेवा, गोदीत हजेरीची वही ठेवतात तशी. कंपनीच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत बेधडक जा. ती तुमच्या फीवर चालते. अन् रोखीच्या कामानं फसलात तर लाजून एकटे मरू नका, कुणाला तरी सांगा.

कापणी संपली. परवा मी मुंबईला निघतो. निघताना पोरीची माय पुन्हा भेटली. मी तिला २० तासांचं, सत्राचं, प्लेसमेंटचं सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं अन् एवढंच म्हणाली, "म्हणजे पोरीचं काही चुकलं नोयतं न, बाबू?"

नव्हतं मावशी. तिचं काही चुकलं नव्हतं. हे तुला सांगायला सरकारचा कुणीतरी माणूस तुझ्या दारात यायला पाहिजे होता. तो आला नाही, म्हणून मी आलो. पुढच्या सालच्या पोरीच्या आईला हा प्रश्न पडू नये, एवढ्यासाठी आपल्याला भांडायचं आहे.

जयभीम.